हवालदार काका, त्या रात्रीच्या एका फोनबद्दल

आदरणीय हवालदार काका,

तुमच्या वहीत मी 'जखमीची मुलगी' एवढीच असेन. हायवेच्या वळणावर अज्ञात वाहनाने उडवलेल्या स्कूटरवाल्यांची. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, १०८ वाल्यांचे आभार आम्ही तेव्हाच मानले. तुमचे राहून गेले, कारण तुम्ही नेमकं काय केलंत हेच मला नंतर आठवडाभराने कळलं.

त्या रात्री अपघात विभागात शिरले तेव्हा माझ्या मुठीत एटीएम कार्ड होतं. आमच्या घरात अपघात म्हटलं की आधी डिपॉझिट आठवतं. माझ्या लहानपणी धाकट्या काकाला एका दवाखान्याने पैसे भरेपर्यंत स्ट्रेचरवरच ताटकळत ठेवलं होतं. जखमीवर आधी उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावलंय. पण काउंटरवर उभं राहून ते सांगायचं कुणी? या वेळी काउंटरवरच्या मुलाने फक्त बाबांचं नाव-वय घेतलं, बाबांना आत नेलं आणि मला म्हणाला, "पोलिसांचं कन्फर्मेशन आलं की कॅशलेसमध्ये बसेल." माझ्या पोटात गोळा आला. आता पोलीस येणार, हद्दीवरून घोळ होणार, उजाडणार.

तुम्ही भिजलेल्या रेनकोटात आलात. एमएलसीचा, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायच्या केसचा कागद वाचलात, पडद्याआड जाऊन बाबांना बघून आलात आणि ठाण्यात फोन लावलात. "अपघातच आहे रे. आधी पोर्टलवर ओके कर, पंचनामा सकाळी बघू."

बस, एवढंच. ५ मे २०२५ पासून देशभर लागू झालेल्या, रस्ते अपघातातल्या जखमींसाठीच्या या कॅशलेस योजनेत ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखापर्यंतचे उपचार होतात. उत्पन्न किती, हे कुणी विचारत नाही. मात्र हा माणूस खरोखर रस्त्यावरच्या अपघातातलाच आहे, हे पोलिसांनी सांगावं लागतं. दिल्लीत ठेवलेल्या त्या पैशाची कडी मध्यरात्री तुमच्या हातात होती, आणि तुम्ही ती ताबडतोब काढलीत. "ठोकणारा पळालाय, मग बिल कुणाच्या नावावर?" असं मी घाबरत विचारलं होतं. "गाडीचा विमा असता तर विमा कंपन्यांच्या पैशातून गेलं असतं. पळून गेली, तर सरकार भरतं. तू बाबांजवळ बस." कायद्याचं इतकं सोपं मराठी मी वकिलाकडूनही ऐकलं नाही.

आणि बाबांना गाडीत घालून आणणारा तो माणूस! कोपऱ्यात उभा होता, शर्टाला रक्त, तुम्हाला बघून चेहरा उतरलेला. तुम्ही त्याला म्हणालात, "नाव द्यायचं तर द्या, नाहीतर निघा. सक्ती नाही." मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्यांसाठी कलम १३४ क आलं, आता नियम तसाच आहे म्हणे. तो गेला. नियम पाळलात म्हणून त्याचं नाव आमच्याकडे नाही, आणि त्याबद्दल मला तुमचा थोडा रागसुद्धा येतो. पण त्याला तासभर बसवून ठेवलं असतं, तर पुढच्या वेळी त्याने गाडी थांबवली असती का?

सगळंच गोड झालं असं नाही. मांडीचं हाड सात दिवसांत जुळत नाही. आठव्या दिवसापासूनचं बिल आमच्या अंगावर यायला लागलं. ही मुदत ज्यांनी ठरवली, त्यांनी हाडांच्या वॉर्डात एक चक्कर मारावी. तेव्हाही तुमचाच फोन आला होता, जबाबासाठी. आणि जाता जाता तुम्ही सांगितलंत की दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं का विचारा, आणि वाहन सापडलंच नाही तर गंभीर दुखापतीचे पन्नास हजार मिळतात, त्याचा अर्ज विसरू नका. पहिलं काम झालं. दुसऱ्याचा अर्ज दिलाय.

मागच्या आठवड्यात मी ठाण्यात आले होते. तुम्ही बंदोबस्तावर होतात. ठाणे अंमलदारांकडे निरोप ठेवला, पण तो तुमच्यापर्यंत पोचला की नाही कोण जाणे, म्हणून हे उघड पत्र.

बाबांची एक सही राहिलीय म्हणाला होतात ना? सोमवारी येतायत. काठी टेकत, पण जिना चढून.

तुमची,
जखमीची मुलगी