आई, त्या सहा लाद्या ठेव

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आवाज तुटत होता, आणि आईला एक गोष्ट फोनवर सांगायची नव्हतीच. म्हणून पत्र. पोर्तुगालमधल्या पोर्तोत आज माझा तिसरा दिवस.

बाबा, आधी तुमच्यासाठी. इथलं साओ बेन्तो स्टेशन. आत गेले आणि तुम्ही सोबत हवे होतात असं इतकं वाटलं! दालनाच्या भिंती पार वरपर्यंत टाइल्सनी भरलेल्या, सुमारे २०,००० टाइल्स. जुन्या लढाया, १४१५ ची उत्तर आफ्रिकेतल्या सेउता शहरावरची मोहीम, द्राक्षांची तोडणी, सगळं निळ्या-पांढऱ्यात. वरचा पट्टा तेवढा रंगीत, आणि त्यात माणूस कशाकशानं प्रवास करत आला ते काढलंय, अगदी रेल्वेपर्यंत. तुम्ही ३४ वर्षं बुकिंगच्या खिडकीमागे बसलात. तुम्ही तो पट्टा एका टोकापासून सावकाश वाचत गेला असतात, हे मला उभ्या उभ्या दिसलं.

चित्रकाराचं नाव वाचलं, जोर्ज कुलासो. आडनाव गोव्यात ऐकलेलं, म्हणून शोधलं. बाबा, पणजीला मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात ज्या निळ्या भिंतीसमोर तुम्ही कितीतरी वेळ उभे होतात, ती याच माणसाची आहे, १९३५ ची. आम्ही तेव्हा बाहेर समुद्रावर जायची घाई करत होतो. तुम्हाला ती नीट बघू दिली नाही, याचं आज फार वाईट वाटलं.

गाव सगळं चढ-उताराचं. दोउरो नदी खाली, घरं कड्यावर एकावर एक. दों लुईश पुलाला दोन मजले आहेत, १८८६ चा लोखंडी पूल. वरून मेट्रो जाते आणि माणसंही चालतात. तुमच्या गुडघ्यांचा विचार करूनच मी फिरते आहे: नदीकाठून वर यायला दोरीवर ओढली जाणारी छोटी गाडी आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. नदीपलीकडे गाया नावाचं गाव आहे, तिथे पोर्ट वाइनची कोठारं आहेत. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं कडक मद्य घालतात, त्यानं आंबणं थांबतं आणि गोडी टिकते. मग वर्षानुवर्षं लाकडी पिंपात. पूर्वी ही पिंपं वरच्या डोंगरांतून चपट्या तळाच्या होड्यांतून यायची. मी एक छोटा पेला घेतला, आई, रागवू नकोस. मनुकांच्या पाण्यासारखा वास होता.

आता तुझं. इथे साध्या घरांच्या दर्शनी भिंतींनाही टाइल्स आहेत. हिरव्या, पिवळ्या, फुलांच्या. बऱ्याच घरांवरच्या गळून पडल्यात, चोरीलाही जातात. म्हणून महापालिकेनं एक भांडार ठेवलंय. त्याला ते बँकच म्हणतात. पाडलेल्या, मोडकळीला आलेल्या घरांच्या टाइल्स तिथे जपून ठेवतात, आणि कुणी आपल्या घराची भिंत दुरुस्त करत असेल तर नक्षी जुळवून त्याला देतात. मी तिथे तासभर होते. ढिगातली एकेक टाइल हातात घ्यावीशी वाटत होती.

आणि मला तुझ्या त्या सहा लाद्या आठवल्या. मालवणचं आजोळ पाडलं तेव्हा तू माजघरातल्या उचलून आणल्यास, पलंगाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवल्यास. गेल्या दिवाळीत मी म्हणाले, "कशाला हा दगडांचा भार, टाकून दे." तू काही बोलली नाहीस, फक्त गोणपाट आत सरकवलंस. आई, मी चुकले. एक अख्खं शहर जे पैसे खर्चून करतंय, ते तू एकटीनं केलंस, आणि मी तुला बोलले.

टाकल्या नसतीलच, मला माहीत आहे. त्यांचे फोटो पाठव, मागच्या बाजूचेही. शिक्का असेल तर दिसू दे. बाबांना सांगून टेपनं माप घे. डिसेंबरात आले की गवंड्याला बोलावू. देवघरापुढे तू बसतेस तेवढी जागा सहा लाद्यांत होते.

बाबांनी रात्रीची गोळी चुकवू नये.

तुमची,
मनू