अर्ज एकटीच्या नावावर नको

चि. सौ. वैशाली हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मध्येच ठेवलास. "तूच पंचायत समितीत आयुष्यभर हिशेब तपासलेस आणि मला गप्प बस म्हणतेस," हे तुझं वाक्य कानातून जात नाही. गप्प बस असं मी म्हणाले नव्हते. ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन एकटी जाऊ नकोस, एवढंच म्हणाले होते. फोनवर धड मांडता आलं नाही म्हणून लिहिते आहे. श्रीकांतरावांनाही वाचायला दे. अण्णांना नको, त्यांचं बीपी आत्ताच कुठे ताळ्यावर आलंय.

आधी तुझ्या मसुद्याबद्दल. "रस्त्याच्या कामात भ्रष्टाचार झाला आहे का, याची माहिती मिळावी," असं लिहिलंयस. याला उत्तर येईल की अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही, आणि ते उत्तर कायद्याला धरून असेल. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो, मत किंवा खुलासा नाही. म्हणून कागदाचं नाव घेऊन माग: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं, देयक आणि प्रमाणकं म्हणजे व्हाउचर, पूर्णत्वाचा दाखला. कामाचं नाव, आर्थिक वर्ष आणि निधी कुठला तेही लिही, म्हणजे "बोध होत नाही" म्हणायला जागा उरत नाही. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो. तू रस्ता, नळयोजना आणि अंगणवाडी तिन्ही एकत्र घातलेत. तीन वेगळे अर्ज कर. जोडपत्र 'अ'चा नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माहिती कशासाठी हवी हे लिहायचं नाही. कलम ६(२) प्रमाणे ते कुणी विचारूही शकत नाही.

अर्जाच्या दोन प्रती ने आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस. "साहेब आले की शिक्का देतो" म्हणाले तर तिथे वाद घालत बसू नकोस, सरळ स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. पुढच्या सगळ्या मुदती त्या तारखेवर अवलंबून असतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. मुदत टळल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, हे अपिलात मुद्दाम लिही. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत. तिथे मात्र प्रकरणं फार काळ पडून राहतात, म्हणून जे मिळवायचं ते पहिल्या दोन पायऱ्यांवरच मिळवायचं.

आणि हे सगळं करण्याआधी ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या ग्रामपंचायतीचं पान उघड. वित्त आयोगाच्या पैशाचा आराखडा आणि खर्च तिथे दिसतो. कुणाला विचारावं लागत नाही, कुणाच्या डोळ्यावर यावं लागत नाही.

बघ, परत माझ्या त्याच भीतीवर आले.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे ऑफिसात सगळे एमबी म्हणतात ती, कशी वाचायची ते सांगते. एका ओळीत लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांचा गुणाकार असतो. समज, रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ०.१५ मीटर जाड. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. एम-२० प्रतीचं काँक्रीट असेल तर घनमीटरला साधारण ८ गोण्या सिमेंट, म्हणजे ३६० गोण्या. प्रत्यक्षात जाडी १० सेंटिमीटरच निघाली तर काँक्रीट झालं ३० घनमीटर, गोण्या २४०. पानावर फक्त ०.१० च्या जागी ०.१५ लिहिलेलं असतं, आणि १२० गोण्यांचं बिल निघून गेलेलं असतं. जाडी कडेला मोजू नकोस. कडेला फळी लावून ती पुरी दाखवतात आणि मधला भराव उंच ठेवतात. नळाच्या जोडणीसाठी कुणी रस्ता मधोमध फोडला असेल तिथे पट्टी लावून फोटो काढ. साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्कही कायद्याच्या कलम २ मध्येच आहे. लोकांना तो माहीतच नसतो.

तू चौथीत असताना शाळेच्या फळ्यावर खिचडी खाणाऱ्या मुलांचा आकडा लिहायचे. एकदा तू उठून सांगितलंस की आकडा चुकलाय, वर्गात इतकी मुलंच नाहीत. बाईंनी मला बोलावून घेतलं. तुझ्या बाबांनी मात्र त्या संध्याकाळी तुला पेढा दिला आणि आल्यागेल्याला सांगत सुटले. आज ते असते तर तुझा अर्ज घेऊन स्वतः दारोदार फिरले असते, आणि मी त्यांच्याशीही हेच भांडले असते.

तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी तुला आठवत असतील. जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. असे लोक एकटे असतात, हेच मला खुपतं. कागद त्यांच्याजवळ, नाव त्यांचं, पाठपुरावा त्यांचा. माणूस गप्प केला की विषय संपतो, असं समोरच्याला वाटतं. तेच कागद पन्नास घरांत असतील तर एकाला गप्प करून काय मिळणार? अर्जदाराने पत्ता म्हणून पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी चालतो, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं. पण गावात कुणी अर्ज केला हे दिवेलागणीच्या आत पारावर पोचतं. तिथे पोस्ट बॉक्स काय कामाचा?

म्हणून माझं ऐक. तुझ्या बचत गटातल्या पाच-सहा जणींनी आपापल्या नावाने तोच अर्ज करायचा, मजकूर शब्दशः एकच. एकीने घरच्यांच्या दबावाने मागे घेतला तरी बाकीचे उभे राहतात. अभिलेख पाहायला बोलावलं तर दोघी-तिघींनी मिळून जा. दप्तर उघडताना आणि परत देताना सगळ्यांची नजर त्यावर असू दे. एकटी असलीस आणि कुणी म्हणालं की पान फाडलं, अंगावर धावून आली, तर साक्षीला कोण? शासकीय कामात अडथळ्याचं कलम, जुन्या दंड संहितेचं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२, ते लावायला वेळ लागत नाही.

मिळालेले कागद महिला ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ती मुख्य ग्रामसभेच्या आधी व्हावी लागते. बहुतेक ठिकाणी ती नुसती रजिस्टरवर होते, तुम्ही ती खरी घ्या. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. लोक आले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-पंधरा माणसांत वर्षभराचे ठराव उरकतात. कोऱ्या इतिवृत्तावर सही करू नका. ठराव लिहून झाला, वाचून दाखवला, की मग सही. मतदानाचं बटण दाबायला एक मिनिट लागतं गं. पण मधल्या पाच वर्षांत पैसा कुठे गेला हे गावाला कळलंच नाही, तर पुढच्या वेळी बटण कशाच्या भरवशावर दाबायचं? त्यासाठी तू धडपडतेस हे मला कळतं. मला ते हवंच आहे.

फार लांबलं. लेकीला पत्र लिहायला बसले आणि परिपत्रक झालं, राग मानू नकोस. माईच्या गुडघ्याला आता बरं आहे, लोणच्याची बरणी तिच्याबरोबर पाठवते.

अर्ज सोमवारी देणार म्हणालीस. तो गुरुवारवर ढकल. गुरुवारी गटाची बैठक आहे, तिथे मसुदा वाच आणि कोण कोण सही करतंय ते बघून मला नावं कळव. एमबीची पानं मिळाली की फोटो पाठव, गुणाकार मी करते.

तुझी,
आई

ता. क. पोच मिळाली की त्या तारखेपासून ३० वा आणि ६० वा दिवस श्रीकांतरावांना कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांग. उत्तर आलंच नाही तर पहिल्या अपिलाची मुदत ६० व्या दिवशी संपते. आणि त्या ऑफिसात संध्याकाळी जाऊ नकोस.