ती वही रद्दीत देऊ नकोस

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर विचारलंस, "बाबा, ट्रंकेत एक जुनी वही सापडली, नुसत्या भांड्याकुंड्यांच्या याद्या आहेत. रद्दीत घालू का?" मला फोनवर नीट बोलता येईना, म्हणून लिहितो आहे.

वही ऑगस्ट १९७८ची आहे. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आठवड्याभरात त्याला विरोध म्हणून मराठवाडा पेटला, दलित वस्त्या जाळल्या गेल्या. मी तेव्हा औरंगाबादेत बी. ए. करत होतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे या दलित माणसाला ४ ऑगस्टला ठार मारल्याचं कळलं, तेव्हा मला आपलं गाव डोळ्यांपुढे दिसायला लागलं. एस.टी. बंद होती. मिळेल त्या ट्रकनं आलो आणि शेवटचे चार कोस चाललो.

पारावर माणसं नेहमीसारखी बसली होती. बौद्धवाड्याच्या बोळात वळलो तसा जळक्या ज्वारीचा वास आला. कणग्या पालथ्या करून धान्यावर रॉकेल ओतलं होतं. जी पेटली नाही तीही कुणाच्या तोंडी लागू नये म्हणून. घराघरातल्या उतरंडी फोडल्या होत्या. माझ्या बालपणच्या मित्राची आई खापरांच्या ढिगात बसून काहीतरी चाचपत होती. शाळेत मी आणि तिचा मुलगा एका पोत्यावर बसायचो. मला बघून ती म्हणाली, "आलास व्हय? पोराचा मॅट्रिकचा कागद ह्या गाडग्यात होता रे." बाकी काही बोलली नाही. मीही खाली बसलो आणि संध्याकाळपर्यंत खापरं उलटत राहिलो. कागद मिळाला नाही.

बौद्धवाड्यावर हल्ला झाला त्या रात्री तुझे आजोबा घरातच होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेला माणूस! त्यांचं म्हणणं असं की, निजामाच्या जाचातून सुटून आपल्याला 'मराठवाडा' हे नाव उजळ माथ्यानं घेता आलं, ते पुसू नये. हे त्यांना मनापासून वाटत होतं, आणि असं वाटणारी पुष्कळ भली माणसं होती. शिकलेल्या पोरांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, नोकऱ्यांची आणि राखीव जागांची. ती मात्र कुणी उघड बोलत नसे. मी आजोबांना विचारलं, "नावाचं जाऊ द्या, तुम्ही दार का उघडलं नाहीत?" ते म्हणाले, "आता शांतता राख. विषय वाढवू नकोस." हीच शांतता वाड्यातल्या लोकांनाही राखायला सांगितली जात होती. तिथून पुढे आम्हा बापलेकांत बरीच वर्षं कामापुरतं बोलणं राहिलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, पण मी चुकलो असं वाटत नाही.

सरकारी पंचनाम्यात 'किरकोळ नुकसान' एवढंच लिहिलं गेलं होतं. म्हणून आम्ही तीन पोरांनी दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि घरोघर जाऊन लिहायला लागलो. सातवं पान काढून बघ. 'कणगी १. ज्वारी ४ पोती. हंडा १. शेळ्या २. पाटा १.' त्या पाट्यापाशी माझा हात थांबला होता. दगडाचा पाटा अशा आगीनं सहसा फुटत नाही. तो कुणीतरी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून आपटला होता.

पुढचं काम यापेक्षा अवघड होतं. शेतावरचं काम बंद, दुकानात उधारी बंद, आणि गिरणीवर वाड्यातलं दळण घेईनात. तुझी आजी अंधार पडला की आपल्या कणगीतली पायलीभर ज्वारी माझ्या हाती द्यायची. मी आणि तो मित्र सायकलवर डबे बांधून शेजारच्या गावी दळून आणायचो. दिवाळीनंतर एका सकाळी आजी स्वतः वाड्यातल्या त्या मावशीला घेऊन आपल्या गिरणीवर गेली आणि आपला डबा तिच्या डब्यामागे रांगेत ठेवला. गिरणीवाल्यानं आधी मावशीचं दळण घेतलं. आजीला सभा, ठराव काही ठाऊक नव्हतं.

ठराव कागदावरच राहिला होता. १९७९च्या नोव्हेंबरात नामांतरासाठी प्रा. जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघाला आणि खडकपूर्णा नदीच्या पुलावर अडवला गेला. डिसेंबरात औरंगाबादेत सत्याग्रह झाला, त्यात मीही अटक करवून घेतली. तुरुंगाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. थंडी होती आणि पोरं रात्रभर भीमगीतं म्हणायची.

१४ जानेवारी १९९४, विद्यापीठाला शेवटी बाबासाहेबांचं नाव मिळालं तो दिवस. तू चार वर्षांची, माझ्या खांद्यावर. विद्यापीठाच्या कमानीपुढे एवढी गर्दी, की पाय ठेवायला जागा नाही. बायका उंबऱ्याला शिवावं तसा कमानीला हात लावून तो कपाळाला लावत होत्या. एका म्हातारीनं तुझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि "जय भीम बाळा" म्हणाली. तूही तसंच म्हणालीस. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ', म्हणजे आजोबांचा मराठवाडाही नावात राहिला होता. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं वेगळं विद्यापीठ झालं. स्वामीजी म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, आजोबांचं दैवत. मी त्यांना दोन्ही बातम्या वाचून दाखवल्या. त्यांनी पेपर मागून घेतला, चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला आणि म्हणाले, "त्या पोराचा मॅट्रिकचा कागद मिळाला का रे?" सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याचं नाव काढलं होतं.

कागद मिळाला होता, दीड वर्ष खेटे घालून. त्या मित्राची नात सध्या त्याच विद्यापीठात शिकते. सुट्टीत गावी येईल, तेव्हा वही तिच्या हातात दे, पोस्टानं पाठवू नकोस. मागच्या पुठ्ठ्याला दुय्यम प्रतीच्या अर्जाची पावती टाचणीनं लावली आहे. टाचणी गंजली असेल, जपून काढ.

तुझे,
बाबा