लेन्स घेतल्या दिवशीच भिंतीवर तपासा

महोदय,

हिवाळ्यात जायकवाडीवर फ्लेमिंगो टिपायला येणारी पोरं उसनवारी करून १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतात आणि फोटो पुसट आले की हळहळतात. मी माझी लेन्स आपल्याच दैनिकाचं पान भिंतीला चिकटवून तपासली. कॅमेरा ट्रायपॉडवर, हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर बंद. झूम पूर्ण ताणून ६०० मिमीला, एफ ६.३ वर (म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून) मधली अक्षरं ठसठशीत, पण डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या जाहिराती फुगलेल्या, कडांना जांभळी झाक. उजवा कोपरा स्वच्छ! दोष कागद तिरका लागल्याचा तर नाही, हे पाहायला कॅमेरा उलटा लावला, तरी फोटोचा तोच कोपरा पुसट. म्हणजे आतलं भिंगच तिरकं बसलेलं. तोवर लेन्स घेऊन महिना उलटला होता, दुकानदाराने बदलून दिली नाही. छिद्र जरा लहान करून एफ ८ वर थोडं निभावतं. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते, तेव्हाच्या फोटोंवरून मात्र लेन्सला नावं ठेवू नयेत. पुरवणीत ही तपासणी सविस्तर छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक पक्षीनिरीक्षक, पैठण