‘अटारी’ची झुंज पैशाशी

‘अटारी’ या अमेरिकी व्हिडिओगेम कंपनीवरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात केलेले संस्थापक नोलन बुशनेल यांच्या कल्पकतेचे कौतुक रास्तच. पण कंपनीची खरी झुंज पैशाशी होती, हे लेखातून निसटले. १९७२ मध्ये बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी प्रत्येकी अवघे २५० डॉलर घालून ती उभी केली. कॅलिफोर्नियातील सनीव्हेलच्या एका बारमध्ये ठेवलेले ‘पाँग’ या खेळाचे नाण्यांवर चालणारे यंत्र बंद पडले, ते म्हणे पेटी नाण्यांनी ठासून भरल्यामुळे! गिऱ्हाईक होते, यंत्रे बांधायला रोकड नव्हती. त्यात नकला करणारे बाजारात उतरले, मॅग्नाव्हॉक्स या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने ‘अटारी’वर पेटंटचा दावा ठोकला. अखेर घरगुती गेमयंत्रासाठी भांडवल हवे म्हणून १९७६ मध्ये कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्स या मनोरंजन क्षेत्रातील कंपनीला विकली गेली. डॅबनी त्याआधीच बाहेर पडले होते; लेखात मात्र त्यांचे नावही नाही.

– एक वाचक, पुणे