फ्लेक्सवरचं प्रमाण

संपादक महोदय,

माझी नात यंदा इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसते आहे. शाळेतून तिला चित्ररचनेच्या तत्त्वांवर प्रकल्प मिळाला : तोल, लय, विरोध, प्रमाण, उठाव (म्हणजे नजर आधी जिथं जावी ते ठळक करणं), प्रत्येकी 2 चित्रं चिकटवून आणणे. तासाभरात सायबर कॅफेतून 10 रंगीत प्रिंट घरी आल्या. तोलासाठी तराजू, लयीसाठी लाटा, विरोधासाठी अर्धं काळं अर्धं पांढरं वर्तुळ. शेजारच्या मुलाच्या वहीतही तीच. बाईंना दोष देत नाही, एका वर्गात 60 मुलं असतात. पण शब्द टाकला आणि चित्र आलं, यात मुलीनं पाहिलं काय?

मी 34 वर्षं चित्रकला शिकवली. तिला म्हटलं, प्रिंट राहू देत. कात्री आणि आईचा मोबाइल घे. चित्र घरातलं नाहीतर आपल्या वाईतलं हवं.

लय तिला गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत दिसली. मी अडवलं, ही नुसती पुनरावृत्ती. मग ती बाजाराची कापडी पिशवी घेऊन आली. तिच्यावर वारली चित्रातला तारपा नाच. तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य. माणसं सगळी सारखीच, पण रांग तारपावाल्याभोवती वळत जाते आणि डोळा तिच्यामागे फिरतो. विरोधासाठी एकाच डब्यातली हळद पांढऱ्या बशीत आणि काळ्या पाट्यावर ठेवून फोटो काढले. पाट्यावरची झळाळते, बशीतली मंद दिसते. आजीनं दोनदा डबा तपासला!

प्रमाणाला तिनं आणला चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. साहेब पुरुषभर उंच, खाली शुभेच्छुक टिकलीएवढे. मी हसलो, आणि मग कपाटातून अजिंठ्याचं पुस्तक काढलं. पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी भोवतीच्या माणसांहून असाच मोठा काढलेला आहे. ज्याचा मान मोठा, त्याचा आकार मोठा, युक्ती तीच. मात्र पद्मपाणीच्या चेहऱ्यावर नजर ठरते. फ्लेक्सवर सोनेरी अक्षरं, फुगे, वाघ, पक्षाचं चिन्ह, सगळेच ओरडतात आणि साहेब एवढे मोठे असूनही हरवतात. म्हणजे उठाव कसा घालवावा, याचंही उदाहरण तिथंच मिळालं. उठाव कसा साधावा हे दाखवायला मी ट्रंकेतली नाटकांच्या जाहिरातींची जुनी कात्रणं काढली. नाटकांची नावं रेखाटणारे अक्षरकार कमल शेडगे यांचं अक्षर, नुसती काळी शाई, बोटभर चौकट. तरी भरल्या पानात नाटकाचं नाव आधी दिसतं.

आपल्या रविवार पुरवणीत चार बोटं जागा द्याल का? आठवड्याला एक शब्द द्यायचा आणि वाचकांनी आपापल्या गावात काढलेला फोटो छापायचा. फसलेली उदाहरणंही छापावीत.

तोलाची दोन चित्रं अजून मिळालेली नाहीत. तराजू मी बाद केला आहे. रविवारी आम्ही दोघं मेणवलीच्या घाटावर जाणार आहोत.

— एक निवृत्त कलाशिक्षक, वाई (जि. सातारा)