शाई पुसली, माश्यांचे गाव हरवले

महोदय,

देवगड तालुक्यातील आमच्या आंबा-काजूच्या वाडीत सातेरी या देशी जातीच्या मधमाश्यांच्या नऊ पेट्या आहेत. गेल्या हिवाळ्यात एका संस्थेतर्फे दोन तरुण माश्यांचे नमुने न्यायला आले. किनाऱ्यावरची सातेरी महाबळेश्वराकडच्या सातेरीपेक्षा अंगाने किती लहान, हे मोजायचे होते. मी आनंदाने पेट्या उघडून दिल्या. अलीकडे घाटावरून माश्यांच्या वसाहती आणून इथे वाटल्या जातात, तेव्हा इथली माशी कशी होती याची नोंद आत्ताच व्हायला हवी, असे मला वाटते.

दोन महिन्यांनी चौकशी केली, तर उत्तर मिळाले, ‘काका, नावे गेली.’ नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये होते आणि आतल्या चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिलेल्या. शाई विरघळली. बारा बाटल्यांतली माझी कोणती आणि कुणकेश्वरची कोणती, कोण सांगणार? शिसपेन्सिलीने लिहिले असते तर अक्षर हललेही नसते.

दुसरेही सांगतो. त्यांनी पेटीच्या दारावर येणाऱ्या, परागाने भरलेल्या माश्या पकडल्या. त्या म्हाताऱ्या, त्यांच्या पंखांच्या कडा झिजून फाटलेल्या. साडेसात-आठ मिलिमीटरच्या पंखाचे टोकच गेले, तर लांबी कसली मोजणार? आतल्या चौकटीवरच्या, धड पंखांच्या माश्या घ्यायला हव्या होत्या. मेलेल्या माशीची सोंड आत दुमडलेली राहिली तर तिचेही माप मिळत नाही. गरम पाण्यात बुडवून मारली, की सोंड बाहेर पडते. हे मला पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत प्रशिक्षण घेतलेल्या एका जुन्या मधपाळाने दाखवले होते.

नातवाच्या भिंगाखाली मी एक पंख पाहिला. चिमट्याने बुडाशी धरून उपटलेला, दोन काचांमध्ये सपाट दाबलेला. शिरांची जाळी नकाशासारखी दिसते. त्यातल्या एका शिरेचे दोन तुकडे मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात, म्हणे. मागच्या पंखाच्या कडेला बारीक आकड्यांची रांग असते, पुढचा पंख त्यात अडकतो. ते आकडेसुद्धा मोजतात. मी सोळापर्यंत मोजले आणि डोळ्यांत पाणी आले.

एवढ्या नाजूक कामाला मुले पाठवता, तर आधी अर्धा दिवस तरी शिकवून पाठवा. आणि मापे आली की ज्याच्या पेटीतल्या माश्या, त्यालाही कळवा. यंदा मोहोरापूर्वी पुन्हा यायचे असेल तर पेट्या उघडीन. पेन्सिलही माझ्याकडचीच घ्या.

— एक मधपाळ, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग